जुन्या गाडीला शर्यतीचे पट्टे : घरच्या घरी, पण नेटके

पोळ्याच्या दिवशी बैलाची शिंगे रंगवली नाहीत, असे घर आपल्या वऱ्हाडात शोधून सापडायचे नाही. ज्याने वर्षभर राबावे त्याला एक दिवस तरी सजवावे, ही आपली रीत. आता बैलांच्या जोडीला अनेक अंगणांत एखादी जुनी जीप किंवा आजोबांच्या काळातली फियाट उभी असते. तिचा रंग उडालेला असतो आणि पत्रा कुठे कुठे तांबारलेला असतो. घरातला तरुण मुलगा म्हणतो, "हिच्यावर शर्यतीच्या गाडीसारखे पट्टे मारू." वडील म्हणतात, "पैशाची नासाडी!" खरे पाहता काम फार खर्चाचे नाही. हवी ती सबुरी आणि मापाचा काटेकोरपणा.

हे पट्टे आले कुठून?

शंकरपटात आपली जोडी दुरून ओळखू यावी लागते, तसेच मोटारींच्या शर्यतीत असते. पूर्वी प्रत्येक देशाचा रंग ठरलेला असे. इटलीचा तांबडा, फ्रान्सचा निळा, इंग्लंडचा हिरवा आणि अमेरिकेचा पांढरा-निळा. फ्रान्समधील ल मां येथे चोवीस तासांची शर्यत होते. तेथे १९५१ साली अमेरिकेच्या ब्रिग्ज कनिंगहॅम यांच्या पांढऱ्या गाड्या निळे पट्टे घेऊन धावल्या. पुढे १९६५ च्या शेल्बी मस्टँग गाडीमुळे ही तऱ्हा जगभर गेली.

आपल्याकडील जुनी फियाट म्हणजे कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सची. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी ही कंपनी १९४४ साली स्थापन केली. याच गाडीला १९७४ पासून 'पद्मिनी' हे नाव मिळाले. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची गेली. त्यामुळे ज्याच्या दारात अशी गाडी आहे, त्याने ती जपावी हेच बरे.

आधी गंज, मग रंग

रंगाखाली गंज झाकू नका. पत्रा आतून कुजत जातो आणि गाडी विकताना घेणाऱ्याची फसवणूक होते ती वेगळीच. गाडीखाली वाकून सांगाडा, पायदान आणि दारांच्या कडा पाहा. भोके पडली असतील तर पहिले पैसे पत्रा सांधणाऱ्याला द्या, पट्टे नंतर.

पत्रा धड असेल तर गाडी साबणाच्या पाण्याने धुवा. तेलकटपणा टर्पेंटाइनच्या फडक्याने काढून कोरड्या फडक्याने पुसा. पट्टे येणार तेवढी जागा चारशे नंबरच्या पाणकागदाने, पाणी सोडत, हलक्या हाताने घासा. कोरडे घासू नका. जुन्या रंगात शिसे असू शकते आणि त्याची धूळ लहान मुलांना फार घातक. घासताना मुलांना दूर ठेवा आणि खाली सांडलेला गाळ कागदावर गोळा करून टाका. चासी नंबर कोरला आहे तेथे मात्र पाणकागद किंवा रंग लावू नका.

सूत मारा

सुतार लाकडावर मारतो तसे सूत येथेही मारायचे. बॉनेटच्या पुढच्या आणि मागच्या कडेचा मध्य मोजून खूण करा आणि खडू लावलेली दोरी ताणून सोडा. पुढची सारी मापे या मध्यरेषेपासून घ्या, कडेपासून नव्हे. बॉनेट पुढे निमुळते होत जाते, म्हणून कडेपासून मोजले तर पट्टे तिरके येतात.

लहान गाडीला पाच-पाच इंचांचे दोन पट्टे आणि मध्ये दोन इंचांची जागा शोभून दिसते. आधी तेवढ्याच रुंदीच्या कागदाच्या पट्ट्या चिकटवून वीस पावलांवरून पाहा. मनाला पटले, तरच पुढे जा.

आता मास्किंग टेप लावा. टेप लांब सोडून एकदम बसवावी, पण ताणू नये. कडा अंगठ्याच्या नखाने दाबत जा. बाकी गाडी वर्तमानपत्राच्या दुहेरी थराने झाका. एकेरी कागदातून थिनर पाझरतो. टेपच्या कडेवर आधी गाडीच्याच मूळ रंगाचा पातळ हात फिरवला तर बारीक फटी बुजतात आणि पट्ट्याची कड सुरीने कापल्यासारखी येते.

आकड्यांचा छाप

रांगोळीचे छापे घरोघर असतात. रुईच्या गाठींवरचे ठसेही आपण पाहतो. दारावर गोलात आकडा किंवा नाव काढायचे तर तसाच छाप करायचा. एक्स-रेची जुनी फिल्म यासाठी उत्तम. ती भिजत नाही आणि पुन्हा पुन्हा वापरता येते. अक्षर कापताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. 'व', 'ब', 'क' किंवा '०', '४' यांच्या पोटातला तुकडा सुटून पडतो. त्याला धरून ठेवायला दोन बारीक पूल सोडा आणि रंग वाळल्यावर ते कुंचल्याने भरून घ्या.

छापावर रंग थापायचा नाही. फोमच्या तुकड्याला थोडा रंग लावून तो कागदावर झटका आणि मग टिपत टिपत लावा. रंग जास्त झाला की छापाखाली पसरलाच म्हणून समजा.

रंग किती, कधी आणि कसा?

बॉनेट, टप आणि डिकी मिळून बारा फूट लांबी धरली, तर दोन्ही पट्ट्यांचे क्षेत्र दहा चौरस फूट होते. तीन पातळ हातांना अर्धा लिटर सिंथेटिक इनॅमल पुरून उरते. एक जाड हात देण्यापेक्षा तीन पातळ हात द्या. प्रत्येक हात वाळू द्यावा. शेवटचा हात किंचित चिकट असतानाच टेप स्वतःवरच दुमडत सावकाश ओढा. आठवडाभर गाडी धुऊ नका.

जळगाव जामोदकडे उन्हाळ्यात रंग पसरण्याआधीच सुकतो आणि पावसाळ्यातल्या दमटपणात चमक मारली जाते. दिवाळीनंतरची, वारा पडलेली सकाळ सर्वांत चांगली. मात्र तेव्हा कापूस घरात येत असतो. त्याची रुई ओल्या रंगावर बसते, म्हणून कापसाच्या ढिगापासून दूर जागा पाहा.

फवारणीच्या पंपाने रंग मारण्याचा मोह टाळा. त्यात औषधाचा अंश राहिलेला असतो आणि पंपही कायमचा बिघडतो. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली, हे आपण विसरलेलो नाही. रंगाचा फवाराही श्वासात जाऊ देऊ नये. काम उघड्यावर करा, तोंडाला चांगला मास्क बांधा आणि जवळ विडी-चूल नको. थिनर भडकन पेटतो. हार्डनर मिसळायचे दोन डब्यांचे रंग घरी वापरूच नका. त्यांची वाफ फुप्फुसाला बाधते. ते काम कारखान्यातल्या कारागिराचे.

कागदपत्रांचे काय?

गाडीचा रंग नोंदणी पुस्तकात लिहिलेला असतो. पट्टे काढताना मूळ रंगच बदलू नका. शंका असेल तर आधी परिवहन कार्यालयात विचारा. नंबरप्लेटवर छाप मारू नका, त्यासाठी सरकारमान्य प्लेटच हवी. पन्नास वर्षांवरील गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंद करण्याची सोय २०२१ च्या नियमांनी झाली आहे. त्यासाठी गाडी मूळ रूपात असावी लागते. तसा विचार असेल तर पट्ट्यांचा बेत सोडलेला बरा.

एवढे सांभाळून काम केले, तर वडिलांची तक्रार राहणार नाही आणि मुलाची हौसही भागेल. टेप धरायला धाकटी, सूत मारायला आजोबा आणि छाप कापायला रांगोळीत हात बसलेली आई, असे सारे घर कामाला लागले, तर दोन सुट्यांत गाडी सजून उभी राहील.