एकट्याने धंदा करताय? कामांच्या नोंदीसाठी अ‍ॅप कसं निवडाल

घरी शिवणकाम करणारी बहीण, एसी-फ्रिज दुरुस्त करणारा भाऊ, ट्यूशन घेणारे सर, ईद आली की मेहंदीच्या ऑर्डर घेणारी मुलगी. आपल्या मोहल्ल्यांत अशी एकट्याने काम करणारी माणसं भरपूर आहेत. यांच्याकडे मुनीम नसतो, मॅनेजर नसतो. कोणाला काय आणि कधी द्यायचं, हे सगळं डोक्यात असतं. मग एखादं काम विसरतं आणि चाँदरातीला गिऱ्हाईक दारात उभं राहून विचारतं, "माझा सूट झाला का?" अशा वेळी आगाऊ घेतलेले पैसे परत करता येतात, पण गिऱ्हाईक पुन्हा येईलच असं नाही.

लिहून ठेवण्याची ताकीद आपल्याला नवी नाही. सूरह अल-बकराची २८२ वी आयत ही कुरआनमधली सर्वांत मोठी आयत आहे. मुदतीचं देणं-घेणं लिहून ठेवावं, हाच तिचा विषय आहे. सूरह बनी इस्राईलमध्ये वायद्याबद्दल विचारणा होणार असल्याचं बजावलेलं आहे. गिऱ्हाईकाला दिलेली तारीख हादेखील वायदाच आहे.

वही पुरेशी नाही का?

बऱ्याच जणांना पुरते. वहीची अडचण एकच: ती स्वतःहून आठवण करून देत नाही. काही जण व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच मेसेज पाठवून ठेवतात. दोन दिवसांत तो मेसेज वर सरकतो आणि दिसेनासा होतो. दिवसाला पाच-सहापेक्षा जास्त वायदे असतील, तर अ‍ॅप घ्यायला हरकत नाही.

निवडताना चार प्रश्न विचारा

१. गिऱ्हाईक समोर उभं असताना दहा सेकंदांत नोंद होते का? जीबोर्ड कीबोर्डवर मराठीत बोलून टाइप करता येतं, त्यामुळे इंग्रजीचं दडपण नको.
२. ठरलेल्या वेळी फोन वाजतो का?
३. "दर महिन्याच्या ५ तारखेला फी" असं काम आपोआप पुन्हा लागतं का?
४. उद्या अ‍ॅप बंद पडलं तर यादी बाहेर काढता येते का?

चौथा प्रश्न गमतीचा वाटेल, पण तसं घडलेलं आहे. वंडरलिस्ट हे लाखो लोकांच्या वापरातलं अ‍ॅप मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विकत घेतलं आणि मे २०२० मध्ये बंद केलं.

कोणाला कोणतं?

गुगल टास्क्स: जीमेल खातं असलं की मोफत. नोंद करा, तारीख-वेळ टाका, झालं. काम गुगल कॅलेंडरमध्येही दिसतं. ट्यूशन, दुरुस्ती, घरपोच सेवा अशा वेळेवर चालणाऱ्या कामांना हे पुरतं. पहिल्यांदाच अ‍ॅप वापरणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी.

मायक्रोसॉफ्ट टू डू: हेही मोफत. कामाला फोटो जोडता येतो, म्हणजे गिऱ्हाईकाने दाखवलेली डिझाइन नोंदीसोबतच राहते. यात "आजचा दिवस" अशी वेगळी यादी असते आणि ती रोज रात्री रिकामी होते. सकाळी पुन्हा ठरवायचं, आज काय करायचं. ज्यांची यादी लांबत जाते त्यांना हे बरं पडतं.

ट्रेलो: यात कामाची कार्डं एका रकान्यातून दुसऱ्यात सरकवायची असतात. शिवणकामाला हे चपखल बसतं: "माप घेतलं", "कापलं", "शिवलं", "ट्रायल", "दिलं". कोणता सूट कुठे अडकलाय ते एका नजरेत कळतं. मात्र रोजची किरकोळ कामं लिहायला ते जड वाटतं.

टूडूइस्ट: बोस्नियात जन्मलेल्या अमीर सालिहेफेंडिक यांनी २००७ साली विद्यार्थी असताना हे स्वतःच्या कामांसाठी तयार केलं. अनेक गिऱ्हाईकांची वेगवेगळी कामं सांभाळणाऱ्या फ्रीलान्सरला ते सोयीचं आहे. मोफत वापरात काही मर्यादा आहेत, त्या आधी बघून घ्या.

मोठ्या टीमसाठी बनवलेली अ‍ॅप एकट्याने घेऊ नयेत. त्यांची मांडणी करण्यातच आठवडा जातो.

ईद आणि नमाजच्या वेळा: इथे अ‍ॅप चुकतं

ही अ‍ॅप इंग्रजी कॅलेंडरवर चालतात. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं असतं, त्यामुळे ईद दरवर्षी साधारण दहा-अकरा दिवस अलीकडे येते. भारतात २०२४ मध्ये ईद-उल-फित्र ११ एप्रिलला होती, २०२५ मध्ये ३१ मार्चला. "ईदच्या ऑर्डर घेणं बंद" ही आठवण तुम्ही "दरवर्षी" म्हणून लावली, तर पुढच्या वर्षी ती दहा-अकरा दिवस उशिरा वाजेल आणि तोवर हाताबाहेर ऑर्डर आलेल्या असतील. जकातच्या हिशोबाचंही तेच. गुगल कॅलेंडरमध्ये हिजरी तारीख शेजारी दाखवण्याची सोय आहे, पण चंद्रदर्शनाप्रमाणे एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो. सोपा उपाय असा: शाबान लागला की त्या वर्षाच्या तारखा स्वतः हाताने टाका.

नमाजच्या वेळांचं असंच आहे. मुंबईत सूर्य नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास मावळतो, तर जुलैच्या सुरुवातीला सव्वासात वाजून जातात. "मगरीबनंतर फोन करायचा" म्हणून पावणेसातची आठवण लावली, तर हिवाळ्यात ती चालेल, पावसाळ्यात मगरीबच्या आधीच वाजेल. म्हणून घड्याळाऐवजी "फजरनंतर", "जोहर ते असर", "इशानंतर" अशा याद्या करा आणि कामं त्यांत टाका. ज्या कामाला खरोखर घड्याळाची वेळ आहे, त्यालाच अलार्म लावा.

सुरू करण्याआधी

फोनच्या सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपच्या नोटिफिकेशनला परवानगी द्या. बॅटरी वाचवण्यासाठी अनेक फोन मागे चाललेली अ‍ॅप बंद करतात आणि मग आठवण वाजतच नाही. त्या अ‍ॅपला बॅटरीच्या निर्बंधातून सूट द्या. गिऱ्हाईकाचं माप आणि तारीख लिहा, पण आधार नंबर, ओटीपी, बँकेचा तपशील लिहू नका. ती त्याची अमानत आहे.

एका वेळी एकच अ‍ॅप घ्या आणि दोन आठवडे वापरून बघा. आज इशानंतर दहा मिनिटं बसून कोणाला काय आणि कधी द्यायचं कबूल केलंय ते सगळं त्यात उतरवा. रोज फजरनंतर एकदा नजर टाका. एखादं काम वेळेत होणार नाही असं दिसलं, तर गिऱ्हाईकाला आदल्या दिवशीच फोन करा. दोन आठवड्यांनंतरही यादी उघडायचा कंटाळा येत असेल, तर ते अ‍ॅप काढून टाका आणि दुसरं घ्या, नाहीतर वहीकडे परत या.