रापण ओढायला वाळू लागते

समुद्रात शिरणाऱ्या दगडी बांधाला तमिळ मच्छीमार ‘तूंडिल वळैवु’ म्हणतात. तूंडिल म्हणजे गळ, वळैवु म्हणजे वळण. इंजिनिअरांच्या भाषेत हेच ग्रॉइन. चेन्नईच्या उत्तरेला रायपुरम आणि कासिमेडूपासून एण्णूरच्या दिशेनं हे गळ ठिकठिकाणी टाकलेले दिसतात, जोडीला काळ्या पाषाणांची लांबलचक भिंत. एखाद्या कुप्पमला, म्हणजे तिथल्या कोळीवाड्याला, असा बांध हवा असतो; त्याच्या उत्तरेच्या कुप्पमला त्याची धास्ती वाटते. दोघांचीही बाजू खरी आहे, आणि हे समजायला जवळजवळ दीडशे वर्षं मागं जावं लागतं.

1876 साली मद्रास बंदराचं काम सुरू झालं. तोवर इथे जहाजांना आडोसाच नव्हता. ती खुल्या समुद्रात नांगर टाकत आणि माणसं, माल मसुला होड्यांतून लाटा कापत किनाऱ्याला येत. 1881 च्या चक्रीवादळानं अर्धवट झालेले धक्के फोडले, तरी काम पुन्हा हाती घेतलं गेलं. जहाजांची सोय झाली आणि वाळूची वाट अडली.

या किनाऱ्यावर वाळू सतत प्रवासात असते. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या महिन्यांत लाटा तिला उत्तरेकडे ढकलतात, ईशान्य मोसमात ती काही प्रमाणात दक्षिणेला परतते. पण वर्षाचा हिशोब मांडला तर पारडं उत्तरेकडेच झुकतं. बंदराचे धक्के या प्रवाहात आडवे आले. दक्षिणेला वाळू साचत गेली आणि तिथे मरीना रुंदावली. 1884 मध्ये गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ यांनी तिथे फिरण्याचा रस्ता करवला आणि मरीना हे नावही दिलं. मराठ्यांचा इतिहास लिहिणारे साताऱ्याचे रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ यांचे हे चिरंजीव. आज लाखो लोक सुंडल खात जिथे संध्याकाळ घालवतात, त्या वाळूतली पुष्कळशी उत्तर चेन्नईच्या वाट्याची होती.

उत्तरेला येणारी वाळू आटली, पण समुद्राचं खाणं थांबलं नाही. घरं गेली, रस्ता धोक्यात आला, म्हणून भिंत बांधली. भिंतीनं पाठीमागचा रस्ता वाचवला. तिच्या पुढ्यातली उरलीसुरली वाळू मात्र आपटून परतणाऱ्या लाटांनी ओढून नेली. मग ग्रॉइन आले. ते आपल्या दक्षिण कुशीत वाळू धरतात आणि उत्तरेच्या गावाला तेवढी उपाशी ठेवतात. त्या गावाला मग स्वतःसाठी तूंडिल वळैवु मागण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

मच्छीमारांचा विरोध इथून येतो. किनारा हे त्यांचं कामाचं ठिकाण आहे. फायबरच्या होड्या ओढून ठेवायच्या, जाळी तुणायची, मासळी सुकवायची, लिलाव करायचा, सगळं वाळूवर. तमिळमधली ‘करवलै’ म्हणजे आपल्या मालवणची रापण: जाळ्याची दोन टोकं धरून माणसांच्या रांगा ते किनाऱ्यावर ओढतात. दगडांच्या ढिगावरून ते ओढता येत नाही. ऑलिव्ह रिडले कासवाची मादीही पाषाण चढून अंडी घालू शकत नाही. 1988 पासून चेन्नईतले विद्यार्थी विणीच्या हंगामात रात्री नीलांकरै ते बेझंट नगर वाळूतून चालत जाऊन तिची घरटी शोधतात.

कायद्यानं हा किनारा राखीव आहे. किनारपट्टी नियमनाची पहिली अधिसूचना 1991 ची. 2011 आणि 2019 मध्ये ती नव्यानं निघाली. कासवांच्या विणीच्या जागांना तिच्यात सर्वांत वरचं संरक्षण आहे. तरीही धूप रोखण्याच्या कामांना शास्त्रीय अभ्यासाच्या अटीवर सवलत मिळते, आणि सारा वाद या अटीभोवती आहे. एकेका गावापुरता अभ्यास झाला, तर उत्तरेच्या गावाचं नुकसान कोणत्या कागदावर येणार? मच्छीमार संघटना हाच प्रश्न घेऊन राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या चेन्नईतल्या दक्षिण पीठाकडे गेल्या. 2022 मध्ये पीठानं संपूर्ण किनाऱ्याचा व्यवस्थापन आराखडा आधी करायला आणि कठीण बांधकामं शक्यतो टाळायला सांगितलं. फार उशिरा का होईना, कुप्पममधली जाणती माणसं सांगत आली ते कागदावर आलं.

प्रश्न लहान नाही. चेन्नईच्याच राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्रानं 1990 ते 2018 या काळाचा अभ्यास केला. त्यानुसार देशाच्या मुख्य भूमीचा सुमारे 33 टक्के किनारा झिजतो आहे. तमिळनाडूत हे प्रमाण 42 टक्क्यांवर जातं. मुंबईतही अक्सा किनाऱ्यावरच्या काँक्रीटच्या भिंतीविरुद्ध पर्यावरण कार्यकर्ते न्यायाधिकरणात गेले.

दुसरा मार्ग पुदुच्चेरीत दिसला. तिथल्या बंदराच्या धक्क्यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून शहराची पुळण गिळली होती आणि समुद्रकाठच्या रस्त्यापुढे नुसते दगड उरले होते. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेनं तिथे पाण्याखाली पाचरीच्या आकाराचा पोलादी अडथळा बसवला. लाटांचा जोर किनाऱ्याआधीच मोडला आणि एका पट्ट्यात वाळू परत आली. पण असं काम आखायला आणि उभारायला वर्षं लागतात. उत्तर चेन्नईत लाट उंबऱ्याला लागलेलं कुटुंब तेवढी वर्षं कुठे काढणार? म्हणून ते दगडाचा ट्रक मागतं, आणि तो लवकर येतो. पलीकडच्या कुप्पममधली माणसं मग आपल्या होड्या आणखी वर ओढायला लागतात, जागा असेल तिथवर.