शेवटून दुसरा हात

बास्केटबॉलच्या गुणपत्रकात ‘असिस्ट’ नावाचा एक रकाना असतो. ज्याने चेंडू जाळीत टाकला त्याच्या नावावर गुण चढतात आणि ज्याने तो नेमक्या क्षणी, नेमक्या जागी त्याच्या हाती पोचवला, त्याच्या नावापुढे या रकान्यात एक आकडा वाढतो. उभी नोकरी बँकेच्या खातेवह्यांत काढलेल्या माझ्यासारख्याला या रकान्याचे भारी अप्रूप वाटते. कर्जाच्या कागदावर सही साहेबांची असे. सातबारा पडताळणारा, जामीनदाराच्या दारी खेटे घालणारा कारकून कुठल्याच रकान्यात बसत नसे.

अमेरिकेच्या एनबीएमध्ये या रकान्याचा अनभिषिक्त राजा म्हणजे जॉन स्टॉक्टन. १९८४ ते २००३ अशी एकोणीस वर्षे तो ‘युटा जॅझ’ या एकाच संघाकडून खेळला. असिस्ट १५,८०६. त्याच्यामागून कितीतरी चपळ पोरे आली, पण हा विक्रम अजून मोडलेला नाही. प्रतिस्पर्ध्याकडून चेंडू हिसकावण्याचा विक्रमही त्याचाच, ३,२६५ वेळा. मला मात्र याहून त्याची हजेरी थक्क करते. एकोणीस वर्षांत संघाचे १,५२६ साखळी सामने झाले, त्यांपैकी त्याचे हुकले अवघे २२. त्यातलेही १८ गुडघ्याच्या दुखण्यामुळे.

वॉशिंग्टन राज्यातले स्पोकेन हे त्याचे गाव. वडील तिथे मद्यालय चालवत. शिक्षण आणि खेळ गावातल्याच गोन्झागा विद्यापीठात. या विद्यापीठाचे नाव बास्केटबॉलच्या जगात तेव्हा फारसे कोणी घेत नसे. उंची सहा फूट एक इंच, म्हणजे त्या धंद्यात ठेंगणाच. १९८४ च्या ऑलिंपिक संघाच्या निवड शिबिरातून त्याला वगळले गेले. त्याच वर्षी एनबीएच्या संघांनी नवे खेळाडू निवडले, तेव्हा तिसऱ्या क्रमांकावर मायकेल जॉर्डन गेला आणि सोळाव्यावर हा. पहिली तीन वर्षे बहुतांशी दुसऱ्याच्या जागी उतरण्यात गेली. १९८७ च्या हंगामापासून जागा पक्की झाली आणि पुढची सलग नऊ वर्षे असिस्टच्या यादीत पहिले नाव त्याचेच राहिले.

त्याच्या जागेला ‘पॉइंट गार्ड’ म्हणतात. चेंडू पुढे आणायचा आणि कुणाला, कधी द्यायचा ते ठरवायचे. लग्नाच्या पंगतीत एखादा मुरलेला वाढपी असतो. कुणाच्या पानातला भात संपत आला हे त्याला जेवणाऱ्याच्या आधी कळते. कार्ल मलोन नावाचा धिप्पाड गडी १९८५ मध्ये संघात आला, आणि या वाढप्याला साजेसा जेवणारा भेटला. दोघांचा डाव साधाच होता. मलोन स्टॉक्टनच्या पाठलागकर्त्याच्या वाटेत भिंतीसारखा उभा राही, स्टॉक्टन त्याला वळसा घालून निघे, आणि बचाव करणारे गोंधळले की मलोन जाळीकडे झेपावे. तोवर चेंडू तिथे पोचलेला असे. हा डाव समोरच्याला पाठ होता. तरीही तो वर्षानुवर्षे चालला.

मात्र या माणसाला त्यागमूर्ती बनवण्याची घाई करू नये. भल्याभल्यांच्या वाटेत तो असा अंग घालून उभा राही की त्यांच्या बरगड्यांना त्याची आठवण राहायची. काहीजण त्याला सरळ ‘खडूस’ म्हणत. शिवाय चेंडू देणारा आपले काही सोडतो, हेही खरे नाही. पुढचा क्षण कुणाचा, हे तोच ठरवत असतो. मला तर यात अधिकार दिसतो, तोही बिनसहीचा.

१९९७ च्या मे महिन्यात ह्यूस्टनमध्ये गुण १००-१०० असताना त्याने चेंडू कुणालाच दिला नाही. शेवटच्या क्षणी स्वतःच लांबून फेकला, तीन गुण मिळाले आणि युटा पहिल्यांदा अंतिम फेरीत गेला. तिथे गाठ जॉर्डनच्या शिकागोशी. चौथ्या सामन्यात शेवटचे मिनिट, युटा ७२, शिकागो ७३. स्टॉक्टनने आपल्या टोकाकडून जॉर्डनच्या डोक्यावरून लांबलचक चेंडू भिरकावला. मलोन धावतच होता. चेंडू जरा आखूड पडता तर जॉर्डनचा, जरा लांब पडता तर प्रेक्षकांचा. तो मलोनच्या हातात पडला आणि सामना युटाने जिंकला. मालिका मात्र शिकागोने नेली.

पुढच्या वर्षी पुन्हा तीच गाठ. १४ जून १९९८, सॉल्ट लेक सिटी. स्टॉक्टनच्या तीन गुणांनी युटा ८६-८३ असा पुढे गेला. घड्याळात बेचाळीस सेकंदही उरले नव्हते. जॉर्डनने दोन गुण केले. चेंडू मलोनकडे गेला, तो जॉर्डनने मागून येऊन हिसकावला आणि पुन्हा दोन गुण. ८७-८६. पाच सेकंद उरली असताना स्टॉक्टनने लांबून फेकलेला चेंडू कड्यावर आपटून बाहेर आला. जग त्या रात्रीची जॉर्डनचीच फेक पाहते. मला ती दुसरी फेक आठवते.

ऑलिंपिकची दोन सुवर्णपदके त्याला मिळाली, १९९२ आणि १९९६ ची. बार्सिलोनात त्याचे सहकारी हॉटेलबाहेर पाऊल टाकताच गर्दीत सापडत. हा बायको-मुलांना घेऊन रस्त्यावर हिंडला आणि कुणी ओळखले नाही. २००९ मध्ये बास्केटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये तो गेला, तेही जॉर्डनच्याच सोबतीने, एकाच समारंभात. २०२२ मध्ये कोविडच्या काळात मास्क घालायला नकार दिल्यामुळे गोन्झागाने त्याची हंगामाची तिकिटे स्थगित केली. पटले नाही तर पटले नाही, हा हट्ट जुनाच. या वेळी तो चुकीच्या जागी खर्च झाला, असे माझे मत.

तो २००३ मध्ये थांबला. मलोन विजेतेपदासाठी लॉस एंजेलिसच्या ‘लेकर्स’कडे गेला. २००४ च्या अंतिम फेरीपर्यंत पोचला, गुडघा दुखावून बसला, आणि संघ डेट्रॉइटकडून हरला.