रक्तदात्याचें दुसरें दान



रक्तपेढी म्हटली कीं रुग्णाच्या उशाशीं टांगलेली रक्ताची पिशवी आपल्या डोळ्यांपुढें उभी राहते. परंतु त्या पिशवीबरोबरच, दात्याच्या अनुमतीनें, त्याच्या रक्ताच्या कांहीं लहान नळ्या अतिशीत कपाटांत जपून ठेवतां येतात. संशोधनासाठीं केलेल्या अशा संचयास बायोबँक म्हणतात.

या कामीं रक्तदाताच कां निवडावा? रुग्णाचें रक्त बहुधा रोग जडल्यानंतरची अवस्था सांगतें. दाता निरोगी असतो आणि कांहीं काळानें पुन्हां येतो. त्यामुळें एकाच मनुष्याच्या रक्तांत काय पालट झाला, हें ताडून पाहतां येतें.

इंग्लंडांतील ‘इंटरव्हल’ हा प्रयोग याचें उत्तम उदाहरण होय. एकदां रक्त दिल्यावर पुन्हां किती दिवसांनीं द्यावें? घाई केली तर दात्याच्या शरीरांतील लोह ओसरतें. विलंब केला तर रुग्णास रक्त अपुरें पडतें. याचा निर्णय अंदाजानें करणें बरें नव्हे. म्हणून २०१२ ते २०१४ या काळांत २५ केंद्रांतून सुमारें ४५,००० दाते प्रयोगांत घेण्यांत आले. चिठ्ठ्या टाकून वाटणी करावी त्याप्रमाणें गट पाडून पुरुषांना १२, १० किंवा ८ आठवड्यांनीं आणि स्त्रियांना १६, १४ किंवा १२ आठवड्यांनीं बोलाविलें गेलें. दोन वर्षांच्या निरीक्षणाचा निष्कर्ष २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. लवकर बोलाविल्यानें रक्त अधिक मिळालें, दात्यांच्या एकंदर जीवनक्रमांत मोठा बिघाडही झाला नाहीं; परंतु त्यांचें लोह व हिमोग्लोबिन उतरलें, आणि हिमोग्लोबिन कमी भरल्यामुळें अधिक दात्यांना रक्त न घेतांच परत पाठवावें लागलें.

याच संचयांतील ३,३०१ दात्यांच्या रक्तद्रवांतील प्रथिनें आणि त्यांचे आनुवंशिक गुण यांचा संबंध दाखविणारा अभ्यास २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. कोणतें प्रथिन रोगास कारण होतें आणि कोणतें केवळ रोगाबरोबर दिसतें, हा भेद करण्यास व नव्या औषधाची दिशा ठरविण्यास असें ज्ञान साहाय्य करतें.

तथापि दाते हे समाजांतील निवडक निरोगी लोक; त्यांच्यावरून काढलेलें अनुमान सर्वांस सरसकट लागू करतां येत नाहीं. शिवाय हा सारा व्यवहार विश्वासावर चालतो. नमुना कशासाठीं ठेवला हें दात्यास समजलें पाहिजे, त्याचें नांव गुप्त राहिलें पाहिजे, आणि दिलेली अनुमति परत घेण्याची त्यास मोकळीक असली पाहिजे.

पिशवींतील रक्त थोड्या दिवसांत कोणाच्या तरी उपयोगी पडून संपतें. नळींतील चार थेंब मात्र वर्षानुवर्षें प्रश्नांचीं उत्तरें देत राहतात. आणि त्यांतील पहिलें उत्तर स्वतः दात्याच्या रक्षणाचें असावें, हें न्याय्यच होय.