औरंगाबाद ते अहमदपूर : एका गणिती परंपरेची साठ वर्षे

नांदेडहून लातूरला निघालेली एस.टी. लोहा सोडल्यावर अहमदपूरला थांबते. लातूर जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावाचे नाव अरेषीय विश्लेषण आणि अवकल समीकरणांवर काम करणाऱ्या परदेशी गणितज्ञांना माहीत असते, कारण डॉ. बापूराव ढगे यांच्या शोधनिबंधांवर पत्ता म्हणून ते वर्षानुवर्षे छापले गेले. या विषयाला प्रयोगशाळा लागत नाही, हे एक कारण झाले. पण एवढ्याने संशोधन उभे राहत नाही. मागे कुणीतरी वाट पाडून ठेवावी लागते. ती वाट औरंगाबादेत पडली.

मराठवाडा विद्यापीठ १९५८ चे. त्याआधी इथली महाविद्यालये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. उस्मानियाचेच पीएच.डी. असलेले व्ही. लक्ष्मीकांतम १९६४ मध्ये औरंगाबादला गणित विभागप्रमुख म्हणून आले आणि जेमतेम दोन वर्षे राहून अमेरिकेला गेले. मुक्काम छोटा, पण परिणाम मोठा. त्यांच्या विद्यार्थिनी एस. लीला यांनी पीएच.डी. इथेच केली, आणि अवकल व समाकल असमानतांवरचा या दोघांचा द्विखंडी ग्रंथ १९६९ मध्ये आला. पुढे 'नॉनलिनिअर अ‍ॅनालिसिस' हे नियतकालिक १९७६ मध्ये सुरू झाले, त्याचे संस्थापक संपादकही लक्ष्मीकांतमच.

असमानताच का? अरेषीय समीकरणाचे उत्तर सूत्रात मांडता येणे हा अपवाद. मग उत्तर कुठवर जाऊ शकते, त्याला कुंपण घालता येते का, एवढे तरी सांगावे. ग्रॉनवॉल यांनी १९१९ मध्ये आणि बेलमन यांनी १९४३ मध्ये हे कुंपण घालून दिले : एखादी राशी कोणत्याही क्षणी तिच्या आरंभीच्या किमतीत मागचा साठा ठरावीक दराने मिळवून येणाऱ्या बेरजेपेक्षा मोठी नसेल, तर ती चक्रवाढीच्या वेगापलीकडे जाऊच शकत नाही. औरंगाबादच्या बी. जी. पाचपट्टे यांनी १९७३ मध्ये विचारले, साठ्याच्या आत आणखी एक साठा असेल तर? म्हणजे समाकलाच्या पोटात समाकल. त्याचे उत्तर म्हणजे त्यांची असमानता. जगभरच्या निबंधांत ती आज 'पाचपट्टे इनइक्वालिटी' म्हणून, बहुतेकदा आणखी खुलासा न करता, वापरली जाते. १९९८ च्या त्यांच्या जाडजूड ग्रंथात अशा असमानता ओळीने मांडल्या आहेत. वाचायला तो रूक्षच आहे, पण संशोधकाच्या टेबलावरून हलत नाही.

ढगे मराठवाडा विद्यापीठाचेच. त्यांचा प्रबंध १९८४ चा, विषय फिक्स्ड पॉइंट, म्हणजे क्रिया केली तरी जागचा न हलणारा बिंदू. समीकरणाचे उत्तर असाच बिंदू म्हणून मांडता येते, आणि अंतरे आकुंचित करणाऱ्या क्रियेला असा बिंदू नेमका एकच असतो हे बानाख यांनी १९२२ मध्ये दाखवल्यापासून या विषयाचा अर्धा संसार त्यावर चालतो. ढगे यांचे लक्ष गुणाकाराकडे गेले. ताऱ्याच्या वातावरणातून प्रकाश कसा बाहेर पडतो, याचा हिशेब सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी मांडला, तेव्हा अज्ञात फल स्वतःच्याच समाकलाने गुणलेले असे समीकरण पुढे आले. एक गुणक लहान बदलाला लहानच प्रतिसाद देणारा, दुसरा नुसताच 'कॉम्पॅक्ट', म्हणजे मर्यादित संचाची प्रतिमा मोजक्या बिंदूंनी हवी तितक्या जवळून व्यापता येईल असा. अशा दोन क्रियांच्या गुणाकाराला स्थिर बिंदू कधी मिळतो, याची ढगे यांची अट म्हटले तर साधी आहे : पहिल्याचा लिपशिट्झ स्थिरांक (बदलाला मिळणाऱ्या प्रतिसादाचे कमाल प्रमाण) आणि दुसऱ्याची कमाल मर्यादा यांचा गुणाकार एकापेक्षा कमी हवा.

२०१० मध्ये ढगे आणि लक्ष्मीकांतम यांनी मिळून 'हायब्रिड' अवकल समीकरणांवर निबंध लिहिला. त्यात x या अज्ञात फलाचा नव्हे, तर x ला दुसऱ्या एका फलाने भागून आलेल्या राशीचा बदलाचा दर दिलेला असतो; समाकलन केले की तोच गुणाकार समोर येतो. पुढच्याच वर्षी चिनी गणितज्ञांनी त्याला अपूर्णांकी अवकलजांची जोड दिली आणि मग निबंधांचा पूर आला. त्या पुरात गाळ बराच आहे, हे म्हटलेच पाहिजे. अवकलजाची व्याख्या बदलायची, सीमेवरची अट बदलायची आणि तेच प्रमेय पुन्हा लावायचे, ही रीत आपल्याकडेही रुळली.

परंपरेत पडझडही झाली. त्रिकोणाच्या परिमितीसारखे तीन बिंदूंमधले अंतर मोजणारी 'डी-मेट्रिक' ढगे यांनी १९९२ मध्ये मांडली. तिच्यावर पुष्कळ प्रमेये रचली गेली. ऑस्ट्रेलियातल्या मुस्तफा आणि सिम्स यांनी तिच्या पायातच खोट दाखवली : ती सलग असेलच अशी खात्री नाही, म्हणून तिच्या आधारे मानलेले अभिसरणाचे बरेच गुणधर्म टिकत नाहीत. २००६ मध्ये त्यांनी 'जी-मेट्रिक' ही सुधारित कल्पना दिली. मला यात नामुष्की वाटत नाही. ज्या कल्पनेची कुणी दखलच घेत नाही, तिच्यातली चूकही कुणी काढत नाही.

१९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाले आणि लातूर, अहमदपूर, उदगीरच्या विद्यार्थ्यांची औरंगाबादची वारी कमी झाली. गेल्या दशकातले ढगे यांचे काम वेगळ्या वळणावर आहे. उत्तर आहे, एवढ्यावर न थांबता त्यापर्यंत पायरी पायरीने चढायचे. सर्वांत सोपे उदाहरण घ्या : १ ने सुरू होणारी आणि स्वतःइतक्याच दराने वाढणारी राशी. खालच्या अंदाजापासून, १ पासून, निघा; काळ t = १ पाशी पुढचे अंदाज येतात २, २.५, २.६६७, २.७०८. प्रत्येक पायरी आधीपेक्षा वर आणि २.७१८… या खऱ्या उत्तराच्या खाली. अशा पायऱ्यांच्या 'ढगे इटरेशन'मध्ये आकुंचनाची अट सगळ्या जोड्यांना लावायची गरज नसते, लहान-मोठे ठरवता येणाऱ्या जोड्यांपुरती ती पुरते. मात्र आकुंचनाची अट काढून फक्त कॉम्पॅक्टपणावर भागवले, तर चढण उत्तराकडेच जाते एवढे कळते, किती पायऱ्यांत किती जवळ ते कळत नाही. नांदेड विद्यापीठाच्या विष्णुपुरीच्या परिसरात आज पीएच.डी.ला नाव नोंदवणाऱ्याने नवी सीमा-अट शोधत बसण्यापेक्षा या वेगाच्या प्रश्नाला हात घालावा, असे मला वाटते.