संगणकाला मार्गारिटा शाकाहारी का वाटत नाही?

मार्गारिटा पिझ्झावर टोमॅटो असतो, मोझरेला चीज असतं, एवढं संगणकाला शिकवलं. ‘मांस किंवा मासे नसलेला पिझ्झा शाकाहारी’ हेही सांगितलं. मग विचारलं, मार्गारिटा शाकाहारी आहे का? संगणक तसं म्हणायला तयार होत नाही. मँचेस्टर विद्यापीठानं ऑन्टॉलॉजी शिकवण्यासाठी बनवलेल्या पिझ्झाच्या उदाहरणात विद्यार्थी हमखास अडखळतात ते इथंच. टोमॅटो आणि चीजशिवाय आणखी काही नाही, हे कुणी सांगितलंच नव्हतं. जे सांगितलं नाही ते खोटं न मानता अज्ञात मानायचं, हा इथला पायाभूत नियम. वेबवर कुणीही, कधीही नवी माहिती जोडू शकतो, म्हणून तो आवश्यकही आहे.

ऑन्टॉलॉजीचा वेबशी संबंध असा: टिम बर्नर्स-ली यांनी जेम्स हेंडलर आणि ओरा लासिला यांच्यासह २००१ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये सिमँटिक वेबची कल्पना मांडली. वेबवरच्या मजकुराचा अर्थ यंत्रालाही लावता यावा, असा हेतू. त्यासाठी एखाद्या विषयातल्या संकल्पना आणि त्यांची नाती काटेकोरपणे लिहावी लागतात. ही मांडणी म्हणजेच ऑन्टॉलॉजी. ती लिहिण्याची ‘आऊल’ ही भाषा २००४ मध्ये प्रमाण ठरली. पण ती तर्कशास्त्राची भाषा. विषय जाणणाऱ्या डॉक्टरला किंवा ग्रंथपालाला ती वाचवत नाही, म्हणून आकृती हवी.

सॉफ्टवेअरवाल्यांच्या हाताशी सॉफ्टवेअरची रचना चित्रात मांडणाऱ्या ‘यूएमएल’च्या चौकटी आणि बाण होतेच. २००९ मध्ये त्यांची आऊलशी सांगड घालणारं प्रमाणही आलं. खरी अडचण मात्र डोळ्यांच्या सवयीची आहे. ‘पिझ्झा’च्या चौकटीतून ‘टॉपिंग’कडे बाण काढला, की प्रोग्रामर तो नियम म्हणून वाचतो: टॉपिंग पिझ्झालाच चालेल, आइस्क्रीमला दिलं तर चूक दाखव. आऊल त्याच बाणाचा अर्थ असा लावते: ज्याला टॉपिंग आहे तो पिझ्झा. म्हणजे आइस्क्रीमवर फळं घातली की आइस्क्रीमही पिझ्झा! पिझ्झा आणि आइस्क्रीम वेगवेगळे आहेत, हे स्वतंत्रपणे लिहिलं असेल तरच विसंगती उघड होते. दोन चौकटी कागदावर दूर काढल्यानं ते आपोआप सांगितलं जात नाही.

म्हणून खास ऑन्टॉलॉजीसाठी घडवलेली ‘व्हाउल’ ही चिन्हपद्धती मला अधिक प्रामाणिक वाटते. तिच्यात संकल्पना वर्तुळात येतात, संख्या किंवा मजकुरासारखे माहितीचे प्रकार आयतात येतात आणि नात्याचं नाव बाणावर असतं. यूएमएलमध्ये गुणधर्म वर्गाच्या चौकटीत बंदिस्त असतात. इथं नातं स्वतंत्रपणे नजरेत भरतं. वर्तुळं पाहून प्रोग्रामरची जुनी सवयही जागी होत नाही. मर्यादा तिलाही आहेत. गुंतागुंतीच्या अटी चित्रात नीट मावत नाहीत आणि जनुकांच्या कार्याचं वर्णन करणाऱ्या ‘जीन ऑन्टॉलॉजी’तल्या हजारो संज्ञा एका पडद्यावर मांडल्या तर जाळंच दिसेल.

तेव्हा आकृती लहान ठेवावी, एका वेळी एकाच प्रश्नापुरती, आणि ती काढून झाल्यावर लगेच तर्क करणाऱ्या प्रोग्रामकडे सोपवावी. त्यानं काढलेला निष्कर्ष त्याच चित्रावर वेगळ्या रंगात उमटला, तर आइस्क्रीमचा पिझ्झा झालेला विषयतज्ज्ञाला आऊलची एक ओळही न वाचता दिसेल.