चंदीगडला बदली आणि सहावीची शाळा

लष्कर, हवाई दल, बँका, पीजीआयचं रुग्णालय, केंद्र सरकारच्या प्रयोगशाळा, अशा नाना कारणांनी मराठी घरं चंदीगडला जात-येत असतात. मूल पहिलीत असेल तर फारसं अडत नाही. सहावी ते आठवीतलं मूल असलं की मात्र आईबाप हवालदिल होतात. त्यात आधी तिथं राहून आलेल्यांचे सल्ले मिळतात, ते बरेचदा दहा वर्षं जुने असतात.

सर्वांत महाग पडणारा गैरसमज कॅलेंडरचा आहे. ‘पाचवीचा निकाल लागू दे, जूनमध्ये शाळा उघडायच्या आत पोचू’ हा हिशेब महाराष्ट्रात बरोबर आहे. चंदीगडला नवं वर्ष एप्रिलच्या सुरुवातीलाच चालू होतं आणि जून उन्हाळी सुट्टीत जातो. म्हणजे मे महिन्याच्या शेवटी सामान घेऊन उतरलेल्या मुलाची सहावी जवळपास दोन महिने पुढे गेलेली असते. तरीही दार बंद झालेलं नसतं. शिक्षण हक्क कायद्यानुसार सत्र सुरू झालं या कारणावरून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाताना जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, तरी त्यापायी प्रवेश अडवता येत नाही. अभ्यासाची दरी मात्र आपल्यालाच भरावी लागते. तिथं चालणारी एनसीईआरटीची सहावीची पुस्तकं 2024 मध्ये बदलली, सातवी-आठवीची 2025 मध्ये. भाचरांची जुनी पुस्तकं गोळा करण्यात वेळ घालवू नका. नवी पुस्तकं एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. बालभारतीच्या पुस्तकांवर वाढलेल्या मुलाने बदलीच्या आधीच ती चाळलेली बरी.

दुसरा घोटाळा पत्त्याचा. चंदीगड, मोहाली आणि पंचकुला ही शहरं एकमेकांना इतकी चिकटली आहेत की भाडं परवडेल तिथं घर घ्यावं, शाळेचं काय, सगळं एकच, असं वाटतं. पण चंदीगड केंद्रशासित आहे, मोहाली पंजाबात आणि पंचकुला हरियाणात. शाळांवरचं सरकार तिन्हीकडे वेगळं. पंजाबात 2008 च्या कायद्याने पहिली ते दहावी पंजाबी हा विषय अनिवार्य आहे. मोहालीत शाळा घेताना, आधी पंजाबी न शिकलेल्या मुलासाठी काय सोय आहे, हे प्रवेशाआधीच विचारून घ्या. मात्र केवळ पंजाबीच्या गुरुमुखी लिपीच्या धास्तीने चांगली शाळा सोडू नये, असं मला मनापासून वाटतं. नागरी वाचणारं मूल ती लिपी लवकर उचलतं. गुरु ग्रंथसाहिबात संत नामदेवांची 61 पदं आहेत ती त्याच लिपीत. नामदेवांच्या वास्तव्यामुळे ओळखल्या जाणाऱ्या घुमान गावात 2015 साली आपलं साहित्य संमेलन भरलं होतं. मुलाला हे सांगितलं की लिपीचं परकेपण थोडं ओसरतं.

आता मुख्य प्रश्न. ‘सरकारी शाळा म्हणजे नाइलाज’ हे वाक्य मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांच्या तोंडी हमखास असतं. चंदीगडपुरतं ते तपासून पाहायला हवं. शिक्षण मंत्रालयाच्या कामगिरी श्रेणी निर्देशांकात 2023-24 साठी चंदीगडला 1000 पैकी 703 गुण मिळाले, देशात सर्वांत जास्त. तिथं राज्याचं वेगळं बोर्ड नाही, सरकारी शाळाही सीबीएसईच्याच. आठवीपर्यंत फी नाही, पुस्तकं मोफत, दुपारचं जेवण शाळेत. आणखी एक गोष्ट सहावीच्या वेळी कुणाच्या ध्यानातही येत नाही. 2023 पासून तिथल्या सरकारी शाळांतल्या अकरावीच्या 85 टक्के जागा तिथल्याच सरकारी शाळांतून दहावी झालेल्यांसाठी ठेवल्या गेल्या. मुक्काम लांबणार असेल तर आजचा निर्णय पाच वर्षांनी असा समोर येतो.

पण निर्देशांक संपूर्ण व्यवस्थेचा असतो, तुमच्या कोपऱ्यावरच्या शाळेचा नाही. काही सरकारी शाळा दोन पाळ्यांत भरतात. हिवाळ्यात तिथं लवकर अंधारतं, तेव्हा दुपारच्या पाळीतली मुलं घरी कधी पोचतात ते विचारा. नावातल्या ‘मॉडेल’ शब्दाला भुलू नका. ‘मिडल’, ‘हाय’ आणि ‘सीनियर सेकंडरी’ हे शब्द मात्र नीट वाचा. मिडल शाळा आठवीला संपते, तिथून नववीला पुन्हा नवी शाळा. बदलीच्या नोकरीत मुलाला आणखी एक शाळाबदल कशाला, म्हणून मी सीनियर सेकंडरीकडेच झुकेन. वर्गात मुलं किती तेही बघा. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीला 35 मुलांमागे एक शिक्षक हवा, आणि विज्ञान-गणित, समाजशास्त्र व भाषा यांसाठी स्वतंत्र शिक्षक हवेत. शाळेचा यूडायस हा सरकारी नोंदणीचा क्रमांक घेतला की शिक्षकसंख्या आणि वर्गखोल्या घरबसल्या दिसतात.

‘आरटीईतून सहावीला खाजगी शाळेत जागा मिळेल’ ही आशा बाळगू नका. खाजगी शाळांतल्या आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, 25 टक्के राखीव जागा प्रवेशाच्या पहिल्याच वर्गात असतात. उलट सहावीसाठी मुलाची परीक्षा किंवा पालकांची मुलाखत घेऊन निवड करायला, तसंच देणगी मागायला, याच कायद्याची मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा मात्र या कायद्याच्या बाहेर आहेत. नावाजलेल्या कॉन्व्हेंटांकडे जाताना हे माहीत असलेलं बरं. केंद्रीय विद्यालयात सहावीला प्रवेशपरीक्षा नसते. जागा रिकामी असेल तर बदलीच्या सरकारी नोकरांच्या मुलांना अग्रक्रम मिळतो.

आणि ‘आठवीपर्यंत कुणी नापास होत नाही’ हेही आता जुनं झालं. डिसेंबर 2024 च्या नियमबदलानंतर केंद्राच्या शाळांत आणि चंदीगडसारख्या विधानसभा नसलेल्या केंद्रशासित प्रदेशांत पाचवी आणि आठवीला नापास झालेल्या मुलाची दोन महिन्यांत फेरपरीक्षा होते. तीही जमली नाही तर त्याच वर्गात बसावं लागतं. शाळेतून काढता मात्र येत नाही. सातवीअखेर बदली होणार असेल तर आठवीचं वर्ष हलकं समजू नका.

उत्तरेकडच्या, लहान आकड्यांच्या सेक्टरांतल्या शाळाच चांगल्या, असंही ऐकू येतं. त्यापायी मूल रोज शहर ओलांडून जातं. ल कॉर्बुझिएच्या आराखड्यात सेक्टर साधारण 800 बाय 1200 मीटरचा. शाळा आणि बाजार आतच, वेगवान रस्ते बाहेरून, म्हणजे मुलांना ते ओलांडावे लागू नयेत. शाळा निवडण्यापूर्वी एखाद्या सकाळी, शाळा भरायच्या वेळी, घरापासून फाटकापर्यंत मुलाला घेऊन पायी जा आणि वाटेत असे किती रस्ते लागतात ते मोजा. मग सुटायच्या वेळी तिथंच थांबा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावेत असा सरकारी शाळांना नियम आहे. त्यांच्यापैकी कुणी ना कुणी फाटकाशी भेटेलच. गणिताच्या तासाला शिक्षक वर्गावर येतात का, एवढं त्यांना विचारा.